लेव्हल डिझाइनचे धडे : माहुली, नाणेघाट आणि गोरखगड

आपल्या हॉस्टेलमध्ये दोन जमाती आहेत. एक सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल लिहिणारी आणि दुसरी त्याच रात्री लॅनवर ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळणारी. (काही थोर विद्यार्थी आणि काही विद्यार्थिनीसुद्धा दोन्ही जमातींत मोडतात!) पण ज्या गल्लीबोळांतून आपण रात्रभर धावतो, ते बनवतं कोण आणि कसं, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. आज त्याच विषयाचा एक छोटासा ‘लेक्चर’. अटेंडन्स कंपल्सरी नाही.

गेमचा जो भाग आपण चालून-धावून खेळतो त्याला ‘लेव्हल’ किंवा ‘मॅप’ म्हणतात. मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे त्याला मराठीत काय म्हणायचं हे मला रूममेटला विचारावं लागलं. ती म्हणाली, “रणभूमीचा आराखडा.” मला शब्द आवडला, कारण त्यातच अर्धा धडा आला. लेव्हल डिझाइन म्हणजे नुसती सजावट नव्हे, तर कोण कुठून येणार, कुठे थांबणार आणि कुठे अडकणार हे आधीच ठरवणं.

थोडा इतिहास

१९९३ मध्ये आयडी सॉफ्टवेअरचा ‘डूम’ आला. त्याच्या लेव्हल्स वेगळ्या फाइलमध्ये ठेवलेल्या होत्या, त्यामुळे खेळणाऱ्यांनी घरबसल्या स्वतःच्या लेव्हल्स बनवायला सुरुवात केली. १९९६ चा ‘क्वेक’, १९९८ चा ‘हाफ-लाइफ’, सगळीकडे हीच परंपरा चालू राहिली. १९९९ मध्ये मिन ली आणि जेस क्लिफ या दोन कॉलेजच्या मुलांनी ‘हाफ-लाइफ’वर ‘काउंटर-स्ट्राइक’ हा मॉड केला. त्यातले ‘डस्ट’ आणि २००१ चा ‘डस्ट-टू’ हे जगप्रसिद्ध मॅप डेव्ह जॉन्स्टन नावाच्या एका ब्रिटिश पोराने केले. तोही तेव्हा आपल्याच वयाच्या आसपासचा. म्हणजे हे काम कुठल्या मोठ्या कंपनीच्या एसी ऑफिसातच होतं असं नाही.

आता प्रश्न असा की शिकायचं कुठून? माझं उत्तर सोपं आहे. खिडकी उघडा आणि बाहेर बघा! शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत उभे असलेले डोंगर हीच आपली टेक्स्टबुकं.

पाठ पहिला : माप

प्रत्येक गेमचं स्वतःचं एकक असतं, त्याला नुसतं ‘युनिट’ म्हणतात. ‘काउंटर-स्ट्राइक १.६’मध्ये उभा खेळाडू ७२ युनिट उंच आणि ३२ युनिट रुंद असतो. माणूस सहा फुटांचा धरला, तर एक फूट म्हणजे १२ युनिट. न उडता चढता येणारी पायरी जास्तीत जास्त १८ युनिटची, म्हणजे दीड फूट. त्याहून उंच पायरी केलीत की खेळाडूला उडी मारावी लागणार.

आता या मापाने माहुली मोजू. आसनगावला ट्रेनमधून उतरलं की जो दिसतो, तोच. गडाची उंची समुद्रसपाटीपासून २८१५ फूट. बाराने गुणलं तर ३३,७८० युनिट. ‘हाफ-लाइफ’च्या मूळ इंजिनमध्ये अख्ख्या मॅपची मर्यादा ८१९२ युनिट. पायथ्याची उंची वजा केली तरी गड त्यात मावत नाही! म्हणून पहिला धडा हा की लेव्हल म्हणजे जागेचा फोटो नव्हे, सारांश. परीक्षेत पंधरा पानी उताऱ्याचा सारांश पाच ओळींत लिहितो ना, तसं. काय गाळायचं हे ज्याला कळलं त्याला डिझाइन कळलं.

उलट, आडवं माप वाढवावं लागतं. खऱ्या जगातला सहा फुटी बोळ १२ च्या हिशेबाने ७२ युनिट. त्यात दोन खेळाडू शेजारी उभे राहिले (३२ अधिक ३२) की उरले फक्त ८. धावताना दोघे एकमेकांना अडकणार आणि शिव्या डिझायनरला बसणार. म्हणून तोच बोळ १२८ युनिटचा करावा.

पाठ दुसरा : वाटा आणि वेळ

माहुलीचे तीन भाग आहेत. उत्तरेला पळसगड, मधे माहुली आणि दक्षिणेला भंडारगड. मधे खिंडी. आता डोळे मिटून ‘डस्ट-टू’ आठवा. तिथेही मैदान एकच, पण भाग वेगळे आणि मधून जोडणाऱ्या वाटा. वरून पाहिलं तर वाटा इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या फिरतात, म्हणून कुठूनही निघालात तरी पर्याय उरतो. एकच वाट असलेला मॅप म्हणजे सकाळी बाथरूमबाहेरची लाइन.

वाटांची लांबी अंदाजाने ठरवायची नसते, ती वेळेत मोजायची असते. हातात फक्त चाकू असेल तर खेळाडू सेकंदाला २५० युनिट धावतो. समजा हल्ला करणाऱ्यांना मोक्याच्या जागेपर्यंत ४००० युनिट आणि राखणाऱ्यांना ३००० युनिट अंतर आहे. पहिल्यांना १६ सेकंद लागतील, दुसऱ्यांना १२. म्हणजे राखणाऱ्यांना जागा घ्यायला ४ सेकंद मिळाले. हे ४ सेकंद म्हणजे तुमच्या मॅपचा प्राण! शून्य केलेत तर राखणाऱ्यांना आडोसा शोधायलाच वेळ नाही, दहा केलेत तर हल्ला करणारे आधीच मेले. रायफल घेतली की वेग कमी होतो, तेव्हा हा हिशेब पुन्हा करायचा.

इतिहासानेही हा धडा दिला आहे. पुरंदरच्या तहात १६६५ मध्ये माहुली मोगलांकडे गेला. फेब्रुवारी १६७० मध्ये मराठ्यांनी तो रात्री चढून घेण्याचा प्रयत्न केला, पण किल्लेदार मनोहरदास गौड सावध होता आणि हल्ला फसला. पुढे जून १६७० मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी गड जिंकला. गड तोच, कडे तेच. बदलली ती वेळ आणि समोरच्याची तयारी. चांगल्या लेव्हलमध्ये असंच असावं. एकदा हरलेल्या माणसाला “पुढच्या वेळी वेगळं काही करून बघतो” असं वाटलं पाहिजे. “इथे जिंकताच येत नाही” असं वाटलं तर तो मॅप बंद करून मेसमध्ये जाईल.

पाठ तिसरा : नजर

किल्ल्यांची ‘गोमुखी’ बांधणी शाळेत सगळ्यांनी वाचली असेल. रायगडाचा महादरवाजा हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. दोन बुरुजांच्या मधे वाट अशी वळवलेली असते की दरवाजा समोर येईपर्यंत दिसतच नाही, आणि तोपर्यंत वरचे पहारेकरी तुम्हाला मस्त बघत असतात.

गेममध्ये याच वळणाचे दोन फायदे. पहिला खेळातला. सरळ लांब रस्त्यावर दुर्बीणवाली बंदूक घेऊन एकटा माणूस सगळ्यांना रोखून धरतो, पण वाट काटकोनात वळवली की त्याला पुढे यावंच लागतं. दुसरा फायदा शुद्ध इंजिनिअरिंगचा. ‘क्वेक’च्या घराण्यातल्या इंजिनात मॅप कंपाइल करताना ‘व्हिस’ नावाचा प्रोग्राम चालतो. कुठल्या भागातून कुठला भाग दिसू शकतो याची यादी तो आधीच करून ठेवतो. खेळताना कॉम्प्युटर फक्त त्या यादीतलेच भाग काढायला घेतो. सगळं एका मोकळ्या पठारावर मांडलंत तर सगळ्याला सगळं दिसणार, यादी फुगणार, आणि आपले जुने कॉम्प्युटर धापा टाकणार. दोन काटकोनी वळणं टाका, काम हलकं होतं. म्हणजे गोमुखी रचनेने शत्रूही थांबतो आणि लॅगही!

पाठ चौथा : नाकं

मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याला वैशाखरे लागतं, तिथून नाणेघाटाची वाट चढते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच घाटाने जुन्नरकडे जायचा. वर गुहेत नागनिका राणीचा ब्राह्मी शिलालेख आहे आणि घाटमाथ्यावर मोठा दगडी रांजण, जो जकातीचा मानला जातो. जकातीची जागा किती हुशारीने निवडली बघा! वाट अरुंद, दोन्ही बाजूंना कातळ. चुकवून जाणार कुठे?

गेमच्या भाषेत हा ‘चोक पॉइंट’. आपण त्याला नाकं म्हणू. नाकं हवंच, कारण गाठ पडल्याशिवाय खेळ नाही. पण नाक्याला तीन गोष्टी जोडाव्या लागतात. नाक्याच्या आधी थांबून विचार करायला जागा, नाक्यात लपायला थोडा आडोसा आणि नाकं टाळून जाणारी एक लांबची वाट. लांबच्या वाटेला वेळ जास्त लागतो, तीच तिची जकात.

पाठ पाचवा : उंची

देहरी गावाजवळचा गोरखगड आणि शेजारचा मच्छिंद्रगड हे दोन सुळके. गोरखगडावर कातळात खोदलेल्या पायऱ्या, पाण्याची टाकी आणि एक प्रशस्त गुहा आहे. गुहेतून मच्छिंद्रगड अगदी समोर दिसतो, आणि त्याच गुहेच्या डोक्यावर गडाचा माथा. वर जायला परत पायऱ्या.

इथे एक तांत्रिक गंमत. मूळ ‘डूम’मध्ये एका खोलीवर दुसरी खोली बांधता येत नाही. नकाशाच्या एका बिंदूला एक जमीन आणि एक छत, बस्स. म्हणजे गुहा आणि तिच्या डोक्यावरचा माथा, दोन्ही चालण्याजोगे, ‘डूम’मध्ये शक्य नाही. त्यासाठी ‘क्वेक’ लागेल. आपली कल्पना कुठल्या इंजिनात बसते हे आधी तपासा, नाहीतर डिप्लोमावाले हसतील.

आणि उंची फुकट देऊ नका. वर बसणाऱ्याला सगळं दिसतं, तर त्याला एकच वाट द्या आणि आकाशाच्या पार्श्वभूमीवर तो खालूनही दिसू द्या. माहुलीचंच बघा. १६३६ मध्ये शहाजीराजे तिथे होते, मोगल आणि आदिलशाही फौजांनी वेढा घातला आणि शेवटी त्यांना तह करावा लागला. गड उंच होता, पण खालच्या वाटा दुसऱ्याच्या हातात होत्या.

काय बनवू नये

हा भाग गंभीरपणे वाचा. २००७ मध्ये अमेरिकेत टेक्सास राज्यात एका शाळकरी मुलाने स्वतःच्या शाळेचा ‘काउंटर-स्ट्राइक’ मॅप केला. त्याच वर्षी व्हर्जिनिया टेकमध्ये खरा गोळीबार झाला होता. मुलाचा हेतू काहीही असो, त्याला त्या शाळेतून हलवण्यात आलं. प्रत्येक नवशिक्याची पहिली आयडिया “आपल्या कॉलेजचाच मॅप करू” हीच असते. प्लीज, नको. ज्या वर्गात आपले सर आणि मॅडम शिकवतात तिथे बंदूक घेऊन फिरणं, खोटं असलं तरी, त्यांना बघवणार नाही.

दुसरं सिद्धगड. याच मुरबाड तालुक्यात २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील ब्रिटिशांच्या पोलिसांशी लढताना हुतात्मा झाले. ते स्मारक आहे, ‘स्पॉन पॉइंट’ नव्हे. तिसरं, या सगळ्या डोंगरांच्या पायथ्याशी ठाकूर, कातकरी, वारली लोकांच्या वाड्या आहेत. तुमच्या मॅपमध्ये एखादी खरी वाडी ‘शत्रूचा तळ’ झाली आणि तिथलाच आपला ज्युनिअर तो मॅप खेळायला बसला, तर त्याला काय वाटेल? डोंगराचा आकार घ्या, वळण घ्या, उंची घ्या. गावाचं नाव आणि माणसं तिथेच राहू द्या.

आता चॅलेंज!

जगभरच्या मॅप करणाऱ्यांमध्ये अटी घालून स्पर्धा करायची जुनी पद्धत आहे. ‘टेन सेक्टर्स’मध्ये ‘डूम’ची अख्खी लेव्हल फक्त दहा सेक्टरमध्ये बसवायची होती. ‘कन्जेशन १०२४’मध्ये प्रत्येक लेव्हल १०२४ बाय १०२४ युनिटच्या चौकोनात. अट घातली की डोकं चालतं, हे पीएल संपायच्या आदल्या दिवशी आपणही अनुभवतोच.

तर आपल्या हॉस्टेलसाठी माझा प्रस्ताव असा :

१. दोघा-दोघांची टीम, मुदत सात दिवस.
२. ‘क्वेक’साठीचा ‘ट्रेंचब्रूम’ किंवा ‘डूम’साठीचा ‘अल्टिमेट डूम बिल्डर’ वापरावा. दोन्ही फुकट आहेत. ‘डूम’ विकत घ्यायचा नसेल तर ‘फ्रीडूम’ चालेल. पायरेटेड सीडी चालणार नाही.
३. सगळा मॅप २०४८ बाय २०४८ युनिटमध्ये. उंचीला मर्यादा नाही.
४. फक्त करडे ठोकळे. रंग, झाडं, टेक्श्चर काही नाही. मॅप आधी खेळायला चांगला हवा, दिसायला नंतर.
५. एक नाकं, ते टाळणारी एक लांबची वाट, आणि कुठूनही दिसणारी एक खूण सक्तीची. आसनगावला ट्रेनमधून माहुलीचे सुळके दिसले की स्टेशन आलं हे पाटी न वाचता कळतं ना, तशी खूण.
६. मॅप दुसऱ्या टीमने खेळायचा. त्या वेळी बनवणाऱ्याने मागे उभं राहून एक शब्दही बोलायचा नाही!

सहावा नियम सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाचा. खेळणारा चुकीच्या दिशेने गेला की जीभ शिवशिवते, “अरे, डावीकडे वळ!” पण गेम विकला गेल्यावर तुम्ही प्रत्येकाच्या खुर्चीमागे थोडेच उभे राहणार आहात? तो जिथे तीनदा चुकला तिथे वहीत खूण करा आणि रात्री ती भिंत हलवा. पूल बांधणारा सिव्हिलवाला असो की सर्किट करणारा इलेक्ट्रॉनिक्सवाला, आपण केलेली वस्तू दुसरा माणूस आपल्याला न विचारता वापरणार, हे प्रत्येक इंजिनिअरला शिकावंच लागतं. लेव्हल डिझाइनमध्ये ते एका आठवड्यात आणि सिमेंट न वापरता शिकता येतं.

टीमची नावं मॅगझिनच्या मराठी विभागाकडे द्यावीत. आणि हो, रविवारी एकदा माहुली चढून या. शिडीपाशी पोहोचल्यावर मागे वळून बघा, खालून येणारा माणूस तुम्हाला किती आधी दिसतो ते सेकंदात मोजा, आणि मग कॉम्प्युटर सुरू करा.