नरोलीचे कागद : सरकारी दप्तरांतून घराण्याचा शोध

आपल्या घराण्याची माहिती विचारली असता बहुतेक विद्यार्थी आजोबांच्या नावापाशी थांबतात. फार तर पणजोबांचे नाव सांगतात. त्यापलीकडचा शोध हा इनामदार-जहागीरदारांच्या घराण्यांचा विषय, आपल्यासारख्यांची नावे कोण लिहून ठेवणार, असा समज सर्वत्र रूढ आहे. हा समज बराचसा चुकीचा आहे. कोणत्याही सरकारला सारा वसूल करावा लागतो, माणसे मोजावी लागतात, जमिनीचे तंटे तोडावे लागतात. या व्यवहारांत सामान्य माणसाचे नाव कोठे ना कोठे कागदावर येतेच. प्रश्न उरतात ते तीन : ते नाव कोणत्या सरकारने लिहिले, कोणत्या लिपीत लिहिले आणि कशासाठी लिहिले? प्रस्तुत लेखात या तीन प्रश्नांचा विचार एका गावाच्या आधारे करावयाचा आहे. ते गाव म्हणजे दादरा नगर हवेलीतील, सिल्वासाजवळचे नरोली.

गाव एक, राज्ये अनेक

नरोलीच निवडण्याचे कारण असे की, हे गाव जागचे हलले नाही, पण त्याचे दप्तर मात्र वारंवार हलले. १७ डिसेंबर १७७९ रोजी पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यात पुण्याचा तह झाला. त्या तहाला अनुसरून १७८३ मध्ये नगर हवेलीची व १७८५ मध्ये दादऱ्याची गावे पोर्तुगीजांकडे गेली. या मुलखाचा कारभार दमणच्या अखत्यारीत आणि दमण गोव्याच्या अखत्यारीत असे. स्थानिक कारभाराचे ठाणे १८८५ मध्ये सिल्वासास आले. पुढे २८ जुलै १९५४ रोजी नरोली स्वयंसेवकांनी मुक्त केले व २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. त्यानंतर सात वर्षे वरिष्ठ पंचायतीचा कारभार चालला. ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा मुलूख भारताचा केंद्रशासित प्रदेश झाला आणि २६ जानेवारी २०२० पासून तो दमण व दीव यांच्यासह एकाच केंद्रशासित प्रदेशात आहे.

याचा अर्थ असा की, नरोलीतील एखाद्या जुन्या कुटुंबाचा माग काढणाऱ्यास सिल्वासा, दमण, पणजी, पुणे आणि प्रसंगी लिस्बन एवढ्या ठिकाणांचा विचार करावा लागतो. आपल्या सीमाभागातील वाचकांना यात नवल वाटू नये. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. गावे तीच राहिली, पण त्यापूर्वीच्या कारभाराची कितीतरी कागदपत्रे मुंबई-पुण्याच्या दप्तरखान्यांत आहेत. म्हणून शोधास निघण्यापूर्वी आपल्या गावाच्या राज्यबदलांची सनावळी वहीच्या पहिल्या पानावर लिहून काढावी. अर्धी वणवण तेथेच वाचते.

जुन्या कागदाचे मोल किती असते, हे नरोलीच्या मुलखानेच जगाला दाखवले आहे. १९५४ नंतर पोर्तुगालने हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला. तेथे पुण्याच्या तहाची आणि पेशव्यांच्या सनदांची कसून छाननी झाली. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने म्हटले की, मराठ्यांनी या गावांचा महसूल जहागीर किंवा सरंजाम म्हणून दिला होता, सार्वभौमत्व दिले नव्हते. अर्थात, निकाल सर्वस्वी एकाच बाजूचा नव्हता. ब्रिटिशांच्या आणि त्यानंतरच्या काळात चालत आलेल्या वहिवाटीमुळे पोर्तुगालला खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व सामान्य माल यांच्यापुरता वाटेचा हक्क होता, मात्र फौज नेण्याचा नव्हता, असेही न्यायालयाने सांगितले. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या सनदेतील एका शब्दाचा अर्थ काय, यावर दोन राष्ट्रांचा वाद चालला. मग घराण्याच्या कागदातील एकेका शब्दाकडे आपण किती बारकाईने पाहावयास हवे!

आजपासून मागे

शोधाचा पहिला नियम असा : ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे. अमुक एका प्रसिद्ध पुरुषापासून आपला वंश सुरू होतो असे गृहीत धरून खाली येऊ नये. तसे केल्यास वाटेत हवे ते पुरावे दिसू लागतात.

समजा, नरोलीच्या एका पाड्यावरील वारली कुटुंबातील मुलगी महाविद्यालयात आली आहे आणि तिला आपल्या पणजोबांपर्यंत पोहोचावयाचे आहे. तिने प्रथम घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे. नाव, टोपणनाव, पाडा, कुळी, देवाचे ठिकाण, सोयरीक कोणत्या गावी, जमीन कोणाची कसत होते, हे सर्व त्यांच्याच शब्दांत लिहावे. नंतर घरातील पेटी उघडावी. शिधापत्रिका, साऱ्याची पावती, शाळा सोडल्याचा दाखला, सावकाराची चिठ्ठी, काहीही टाकाऊ समजू नये.

दुसरी पायरी शाळेची. शाळेच्या जनरल रजिस्टरात विद्यार्थ्याचे नाव, वडिलांचे नाव, जात, जन्मस्थळ आणि जन्मतारीख असते. परंतु जन्मतारीख १ जून दिसली की सावध व्हावे. घरी तारीख ठाऊक नसली की गुरुजी अदमासाने ती घालीत. अशा नोंदीवरून मूल शाळेत केव्हा आले हे कळते, जन्म केव्हा झाला हे नक्की कळत नाही.

तिसरी पायरी जमिनीची. पोर्तुगीज अमदानीत, विशेषतः १९१९ च्या जमीनविषयक कायद्यानंतर, ‘अल्व्हारा’ नावाच्या सनदांनी मोठमोठे जमिनीचे तुकडे लागवडीसाठी दिले गेले. भारतात सामील झाल्यावर १९७१ च्या जमीन सुधारणा नियमनाने ही जुनी पद्धत मोडली. त्या कारवाईत जमीन कोणाकडे होती आणि प्रत्यक्ष कसत कोण होते, याची चौकशी झाली. त्यामुळे जे लोक दुसऱ्याच्या जमिनीवर राबत होते, त्यांच्या नावांसाठी ही प्रकरणे फार मोलाची आहेत. मधुबन धरणाखाली गेलेल्या गावांच्या बाबतीत भूसंपादनाची प्रकरणेही अशीच उपयोगी पडतात.

त्यामागे जावयाचे तर दमण व पणजी. पणजीच्या पुराभिलेखागाराची परंपरा १५९५ पर्यंत मागे जाते. पहिला दप्तरदार दियोगु दु कोतु हा इतिहासकार होता. पुढे पांडुरंग पिसुर्लेकर यांनी याच दप्तराच्या आधारे पोर्तुगीज-मराठे संबंधांचा इतिहास उभा केला. येथे आमच्या कानडी विभागातील मित्रांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गोव्याच्या ग्रामसंस्थांचे काही जुने कागद ‘गोंयकानडी’ या कानडीच्या वळणाच्या लिपीत आहेत. म्हणजे एखाद्या कोकणी घराण्याचा धागा कानडी जाणणाऱ्याच्याच हाती लागावयाचा. पेशवाईतील कागदांसाठी मात्र पुण्याचे पेशवे दप्तर पाहावे लागते आणि तेथे मोडीवाचून गत्यंतर नाही.

नाव आणि सन

परकीय लेखनिकाने लिहिलेले नाव ओळखणे ही एक कलाच आहे. पोर्तुगीज भाषेत ‘ह’चा उच्चार होत नाही, म्हणून त्यांच्या कागदांत खुद्द ‘नगर हवेली’ ही ‘नगर आवेली’ होते. ‘श’ ध्वनीसाठी ते ‘एक्स’ अक्षर वापरीत. त्यामुळे ‘शंकर’ हे नाव इंग्रजी वळणाने शोधणाऱ्यास सूचीत मुळीच सापडणार नाही. शिवाय आदिवासी कुटुंबांच्या नोंदींत आडनावाच्या जागी जमातीचेच नाव लिहिलेले आढळते. मग एका गावात एकाच नावाचे अनेक ‘वारली’ निघतात. तेव्हा केवळ नाव जुळले म्हणून आपला माणूस सापडला असे समजू नये. नाव, बापाचे नाव आणि पाडा किंवा शेत, यांपैकी निदान तीन गोष्टी जुळाव्यात.

सनांचेही तसेच. मराठी कागदांत शालिवाहन शक असेल तर त्यात ७८ मिळवावेत. सुहूर सन असेल तर स्थूलमानाने ५९९ मिळवावेत. हा सन मृगाच्या सुमारास बदलतो आणि अरबी शब्दांत लिहिलेला असतो. उदाहरणार्थ, ‘समानीन मया व अलफ’ म्हणजे ऐंशी, शंभर व हजार, एकूण ११८०. त्यात ५९९ मिळवले की १७७९ येतात. पुण्याच्या तहाचे वर्ष ते हेच. गुजराती वहीत विक्रम संवत असेल तर दिवाळीनंतरच्या तारखेसाठी ५७ व त्यापूर्वीच्या तारखेसाठी ५६ वजा करावेत.

हा खटाटोप कशासाठी?

कोणी म्हणेल, पूर्वजांची नावे कळून पोट भरते काय? नरोलीच्या उदाहरणावरून उत्तर देता येईल. दादरा नगर हवेलीच्या अनुसूचित जमातींची यादी १९६२ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरली; तीत धोडिया, दुबळा, काथोडी, कोकणा, कोळी ढोर, नायकडा व वारली अशा सात जमाती आहेत. अशा आदेशाच्या वेळी आपले पूर्वज कोठे राहत होते, हे जातीच्या दाखल्यासाठी विचारले जाते. धुळे-नंदुरबारकडून कारखान्यांत कामासाठी आलेल्या आदिवासी कुटुंबाला म्हणूनच आपल्या मूळ गावचे कागद शोधावे लागतात आणि महाराष्ट्रात १९५० पूर्वीच्या नोंदींना विशेष वजन असते. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामाच्या वेळी कुणबी नोंदींसाठी गावोगावची कोतवाल बुके, शाळांची रजिस्टरे व मोडी दप्तरे उघडली गेली, हे ताजेच आहे. एका कोपऱ्यात धूळ खात पडलेली वही नातवाचे शिक्षण ठरवू शकते.

परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. दप्तर हे सरकारच्या सोयीसाठी लिहिलेले असते. ज्याच्याकडून सारा येई त्याचे नाव ठळक, जो मजुरी करी त्याचे नाव पुष्कळदा नाहीच. स्त्रिया तर ‘अमक्याची बायको’ एवढ्यावरच संपतात. जनगणनेत सर्वांची नावे लिहिली जातात खरी, पण १९४८ च्या जनगणना कायद्याने ती पत्रके पाहावयास मिळत नाहीत व पुरावा म्हणून चालत नाहीत. तेव्हा कागद नाही याचा अर्थ माणूस नव्हता, असा कदापि करू नये.

ही गोष्ट आता कायद्यानेही ओळखली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांत जुन्या हक्कनोंदीतील व्यक्तीपर्यंत पोहोचणारी वंशावळ हा एक पुरावा मानला आहे. त्याचबरोबर दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्या माणसांचे लिहून घेतलेले निवेदन हाही पुरावा मानला आहे. म्हणजे पाड्यावरच्या आजीला जे ठाऊक आहे, ते नीट लिहून ठेवले तर त्यालाही सरकारी कागदाच्या शेजारी स्थान मिळते. मात्र सांगणारा कोण, त्याचे वय काय, कोणत्या दिवशी व कोणासमक्ष सांगितले, हे लिहिलेले हवे.

अभ्यासासाठी

वाचकांनी येत्या सुटीत पुढील काम करून पाहावे. प्रथम तीन पिढ्यांची वंशावळ काढावी व प्रत्येक नावापुढे आधार लिहावा : ऐकीव, घरचा कागद, की सरकारी नोंद. नंतर शाळेतील व तलाठ्याकडील निदान एकेक नोंद स्वतः पाहून तिची नक्कल मागावी. ज्या कचेरीत नोंद मिळत नाही तेथे माहितीच्या अधिकाराखाली लेखी अर्ज करावा. केंद्राच्या आणि केंद्रशासित प्रदेशांच्या दप्तरांसाठी १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे, हेही लक्षात असावे. दोन आधार परस्परविरुद्ध निघाले तर एक खोडून टाकू नये. दोन्ही लिहावेत व आपले मत खाली द्यावे.

सरकारी दप्तर उद्याही कचेरीतच असेल, पण घरातील म्हाताऱ्या माणसाची आठवण उद्या असेलच असे नाही. म्हणून अर्ज कोणत्याही दिवशी करावा, वही मात्र आजच उघडावी.