नेम चुकलेला माणूस : ख्रिस्ती धर्मातील पाप आणि तारण

'सर, मी कुणाचा खून केला नाही, कुणाच्या घरी चोरी केली नाही. मग मी पापी कसा?' मराठी गद्याच्या तासाला एका विद्यार्थ्याने मला हा प्रश्न केला. विषय बाबा पदमनजींचा होता. बाबांचा जन्म १८३१ साली आपल्या बेळगावात झाला. येथील मिशन शाळेत ते शिकले, पुढे मुंबईला गेले, परमहंस सभेत वावरले आणि १८५४ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. आप्तांचा विरोध पत्करून एका सुशिक्षित तरुणाने हे पाऊल का उचलावे, हे सांगताना 'पाप' आणि 'तारण' हे दोन शब्द आले आणि त्यावरूनच तो प्रश्न निघाला. तासात मला नीट उत्तर देता आले नाही. ते येथे देण्याचा प्रयत्न करतो. मी स्वतः ख्रिस्ती नाही. धर्मप्रचार हा या लेखाचा हेतू नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे.

पाप म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एखादे दुष्कृत्य येते, आणि पुण्याची जमा दाखवून ते वजा करता येईल असे वाटते. नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेतील 'हामार्तिया' या शब्दाचा मूळ अर्थ मात्र 'नेम चुकणे' असा आहे. ख्रिस्ती विचारात पाप हे केवळ कृत्य नव्हे, ती माणसाची अवस्था आहे. अंग तापणे हे लक्षण, रोग आत असतो, तसेच हे. 'उत्पत्ती' या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात आदाम आणि हव्वा देवाची आज्ञा मोडतात. परंतु मला त्या कथेतील पुढचा भाग अधिक बोलका वाटतो. देव विचारतो तेव्हा आदाम हव्वेकडे बोट दाखवतो आणि हव्वा सर्पाकडे. चौथ्या अध्यायात तर भाऊ भावाचा जीव घेतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल कबूल करतो की, जे चांगले करावेसे वाटते ते हातून होत नाही आणि नको ते होऊन जाते. आपल्याकडे यालाच 'कळते पण वळत नाही' म्हणतात.

यावर वादही झाले. माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीने निष्पाप जगू शकतो, असे पेलागियसचे म्हणणे होते. इच्छाशक्तीच दुबळी झालेली आहे, देवाच्या कृपेवाचून ती उभी राहणार नाही, असे ऑगस्टीन (३५४–४३०) म्हणाला. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने पेलागियसचे मत अमान्य केले.

हा वाद मला पुस्तकात वाचून समजला नाही. तो निपाणीत समजला. मॅट्रिकनंतरच्या सुट्टीत मी एका बिडी कारखानदाराकडे कामाला होतो. संध्याकाळी बायका वळलेल्या बिड्या टोपलीतून आणत. जुड्या मोजायच्या आणि खराब बिड्या 'छाट' म्हणून बाजूला काढायच्या, हे माझे काम. छाट बिडीची मजुरी मिळत नसे. प्रत्येक टोपलीतून काही छाट निघालीच पाहिजे, अशी मला ताकीद होती. एके दिवशी एका वयस्क बाईच्या चांगल्या जुड्या मी बाजूला सारल्या. ती म्हणाली, 'दादा, ह्या जुडीत काय वंगाळ हाय ते दाव की.' मला काहीच दाखवता येईना. मी मान खाली घालून वहीत आकडा लिहिला. ती रिकामी टोपली उचलून गेली.

माझी वही चोख होती. कायद्याने मला कुणी धरले नसते. मालकाने सांगितले म्हणून केले, असे मी मनाला सांगितले. म्हणजे आदामाप्रमाणे बोट दुसऱ्याकडे दाखवले. पुढे नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून तिचे पैसे द्यावेत म्हणून मी शोध घेतला, तेव्हा ती वारली होती. ते पैसे मी देवळाच्या पेटीत टाकले. परंतु देणे फिटले असे आजतागायत वाटले नाही. ज्याचे देणे होते तोच माणूस राहिला नाही, तर ऋण फेडायचे कुणाला?

ख्रिस्ती धर्मातील तारणाचा विचार याच ठिकाणी सुरू होतो. ऋणको स्वतः फेडू शकत नाही, म्हणून देवच ख्रिस्ताच्या रूपाने क्रुसावर ते सोसतो, आणि माणसाने ते पश्चात्तापाने व विश्वासाने स्वीकारायचे. कृपा, विश्वास आणि सत्कर्मे यांचे नाते कसे लावायचे, यावर १५१७ नंतर युरोपातील चर्च दुभंगले. तारण हे कृपेचे दान आहे, यावर कॅथलिक आणि लुथरन पंथांनी १९९९ मध्ये संयुक्त घोषणापत्र काढले.

'मग पाप करावे आणि क्षमा मागून मोकळे व्हावे, हे सोपेच झाले!' असा आक्षेप कुणी घेईल. लूकच्या शुभवर्तमानात याचे उत्तर आहे. जक्कय हा जकातदारांचा मुख्य. येशू त्याच्या घरी आपण होऊन उतरतो. त्यानंतर जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि लुबाडलेले चौपट परत करण्याचे वचन देतो. परतफेड ही क्षमेची किंमत नव्हे, ते क्षमेचे फळ आहे. बाबा पदमनजींनी दीक्षेनंतर तीनच वर्षांनी, १८५७ मध्ये, 'यमुनापर्यटन' लिहून हिंदू विधवांची दुःखे मांडली, हे या संदर्भात लक्षात घेण्यासारखे आहे.

हा विचार मराठीला नवा नाही. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. त्याच्या पहिल्या पुराणात माणसाचे पतन आणि तारणाऱ्याची प्रतीक्षा येते, दुसऱ्यात ख्रिस्ताचे चरित्र. ओवी ऐकणाऱ्या माणसाला 'पतितपावन' हा शब्द परका नव्हताच. आपल्या तुकोबांनीही स्वतःला पतित म्हणवून घेतले आहे. भेद आहेत, ते झाकू नयेत. कर्मसिद्धांत म्हणतो, ज्याचे त्याने भोगावे. ख्रिस्ती धर्म म्हणतो, इतिहासात एकदा, एकाने सर्वांसाठी भोगले. यांपैकी काय पटते, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

त्या विद्यार्थ्याला माझे उत्तर एवढेच : बाबा रे, तू खून केला नाहीस हे खरे. परंतु हा प्रश्न पोलिसांच्या नोंदवहीतला नाही. 'काय वंगाळ हाय ते दाव की' असे कुणी तुला विचारले आणि तू मान खाली घातलीस, असे कधी झाले आहे का, एवढे स्वतःला विचार. तारणाचे उत्तर तुला पटो वा न पटो, प्रश्न कुठला आहे हे तुला कळेल.