जातीची गोष्ट मुलांना केव्हा सांगावी?

प्रश्न : मुलगी चौथीत आहे. बाबासाहेब आंबेडकरांच्या बालपणाचं पुस्तक आणलं, तर सासूबाई म्हणतात, आत्तापासून जात कशाला शिकवायची?
– एक आई, पाचोड

उत्तर : ताई, जात पुस्तकातून शिरत नाही, आडनाव विचारणाऱ्या मोठ्यांकडून ती मुलांना आधीच कळलेली असते. पुस्तक जातीला अन्याय म्हणायला शिकवतं. शाळेत बसायला घरून न्यायचं गोणपाट, नळाला हात लावायची बंदी म्हणून शिपाई नसला की पाणी नाही, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. नऊ वर्षांच्या मुलीला तहान समजते, तिथूनच सुरुवात करा. मग पाण्याच्या हक्कासाठी त्यांनी १९२७मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर केलेला सत्याग्रह सांगा. मुक्ता साळवे या शाळकरी मुलीनं १८५५मध्ये जातीच्या अन्यायावर लिहिलेल्या निबंधाबद्दलही जरूर सांगा. जातीवरून झालेल्या मारहाणीचे तपशील मात्र मोठेपणी. वर्गातल्या कुणाला तिनं ‘तुमच्यातलं’ म्हणू नये, एवढं जपा. वाचताना सासूबाईंनाही शेजारी बसवा.