शेजारच्या सोसायटीचा स्विमिंग पूल : उतरण्याआधी पाच प्रश्न



उन्हाळ्याची सुट्टी लागली की वाकड, बाणेर, खराडी किंवा ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या मोठ्या सोसायट्यांमध्ये संध्याकाळी पूलवर मुलांची गर्दी होते. पण मूल फक्त आपल्याच सोसायटीच्या पूलमध्ये उतरतं असं नाही. कधी मित्राचा वाढदिवस, कधी मामाकडे मुक्काम, अशा निमित्ताने ते दुसऱ्यांच्या पूलवरही जातं. तिथले नियम मात्र वेगळे असू शकतात. एका ठिकाणी लहान मुलासोबत पालक लागतोच, दुसरीकडे कुणी विचारतही नाही. एका ठिकाणी जीवरक्षक दिवसभर असतो, दुसरीकडे फक्त शिकवणीच्या वेळी. पाहुण्या मुलाला यातलं काहीच माहीत नसतं आणि म्हणूनच जास्त धोका त्याला असतो.

तेव्हा एका पूलचे नियम पाठ करून घेण्यापेक्षा, कुठल्याही पूलवर विचारता येतील असे पाच प्रश्न मुलांना शिकवूया.

१. पाणी किती खोल आहे?
पूलच्या कडेला खोली बहुतेक वेळा फुटांत लिहिलेली असते आणि मुलांना आपली उंची माहीत असते सेंटीमीटरमध्ये. १ फूट म्हणजे ३०.४८ सेंटीमीटर. म्हणजे ४ फूट पाणी साधारण १२२ सेंटीमीटर झालं. दुसरी-तिसरीतल्या बऱ्याच मुलांची उंचीच १२० ते १३० सेंटीमीटर असते. मोठ्यांच्या छातीपर्यंत येणारं पाणी या मुलांच्या नाकातोंडाशी येतं. शिवाय तळ उतरता असेल तर दोन पावलं पुढे गेलं की पाय टेकत नाहीत. "मी या पाण्यात उभा राहिलो तर तोंड बाहेर राहील का?" हे मुलाने स्वतः ठरवायला शिकावं.

२. माझ्याकडे कोण बघतंय?
सिनेमात बुडणारा माणूस हात हलवून ओरडतो. प्रत्यक्षात मूल बहुधा आवाज न करता बुडतं. श्वास घ्यायलाच तोंड पाण्याबाहेर पुरेसं येत नाही, तर ओरडणार कसं? त्यामुळे "आम्ही सगळे तिथेच होतो" याला अर्थ नाही. एका मोठ्या माणसाचं नाव ठरलेलं हवं आणि त्या वेळी त्याच्या हातात मोबाईल नको. जीवरक्षक असला तरीही! हवा भरलेली ट्यूब किंवा दंडातले फुगे हे खेळणं आहे, राखणदार नाही.

३. फाटक बंद होतं का?
ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात घरगुती पूललाही किमान १.२ मीटर उंच कुंपण आणि आपोआप मिटून कडी लागणारं फाटक सक्तीचं आहे. कारण चिमुकली मुलं पोहायला नाही, तर खेळता खेळता पाण्यापाशी पोचतात. आपल्याकडे वॉचमनकाकांची, घरकाम करणाऱ्या मावशींची लहान मुलंही आवारात असतात. पूल वापरायची परवानगी त्यांना नसते, पण उघड्या फाटकाचा धोका त्यांनाही तेवढाच असतो.

४. तळाची जाळी नीट आहे का?
पाणी ओढून घेणाऱ्या तोंडावरची जाळी तुटलेली असेल तर केस किंवा हात-पाय तिथे अडकू शकतात. अमेरिकेत अशा अपघातांमुळेच २००७ मध्ये सार्वजनिक पूलसाठी सुरक्षित जाळीचा कायदा झाला. मुलांना सांगा : जाळीजवळ खेळायचं नाही, लांब केस बांधायचे. पाण्यात झिणझिण्या आल्यासारखं वाटलं तर लगेच बाहेर यायचं आणि मोठ्यांना सांगायचं. कारण ती वीज असू शकते.

५. कुणी बुडत असेल तर मी काय करू?
मुलाने पाण्यात उडी मारायची नाही. मोठ्याने हाक मारायची, काठावरूनच लांब काठी पुढे करायची किंवा रिंग फेकायची आणि १०८ ला फोन करायला सांगायचं. मोठ्यांनीही लक्षात ठेवावं : बाहेर काढलेल्या मुलाला उलटं धरून किंवा पोट दाबून पाणी काढत बसू नये, त्यात मोलाचा वेळ जातो. श्वास चालत नसेल तर तोंडाने श्वास देणं आणि छातीवर दाब देणं लगेच सुरू करावं. हे प्रशिक्षण पालकांनी जरूर घ्यावं.

वर्गातला उपक्रम : मुलांच्या जोड्या करा. प्रत्येकाने मोठ्यांसोबत जाऊन आपल्या सोसायटीचा किंवा पालिकेच्या जलतरण तलावाचा नियमफलक वहीत उतरवून आणावा. मग दोन्ही फलक शेजारी ठेवून बघा : कुठला नियम एकात आहे आणि दुसऱ्यात नाही? का नसेल? फुटांचं सेंटीमीटरमध्ये रूपांतर हे गणितही त्यातच होऊन जातं. शेवटी मुलांनी सोसायटीच्या सचिवांना एक पत्र लिहावं आणि राहून गेलेला नियम सोप्या मराठीत फलकावर लिहायची विनंती करावी. पत्रलेखनाचा सराव होईल आणि कदाचित एखादं फाटकही दुरुस्त होईल.

सुट्टीआधीच्या आठवड्यात हा तास नक्की घ्या. पाहुणं म्हणून जाणारं मूल कपड्यांची पिशवी भरतं, तेव्हा हे पाच प्रश्नही त्याच्यासोबत जाऊ द्या.