नवा संगणक आणि आजीच्या ओव्या

(इयत्ता चौथी)

जुन्या गोष्टी जपाव्यात असे आपण पुस्तकात वाचतो. पण संगणकातली जुनी गोष्ट कशी जपायची ते मला या वर्षी समजले. तेच मी इथे लिहीत आहे.

आमच्या शाळेला जूनमध्ये नवा संगणक मिळाला. आम्ही त्याला हार घातला, नारळ फोडला. जुना संगणक कोपऱ्यात गेला. मुले म्हणाली, "गुरुजी, तो भंगारात द्या की." गुरुजी म्हणाले, "थांबा. आधी त्याच्या पोटात काय आहे ते बघू."

त्याच्या पोटात माझ्या आजीच्या ओव्या होत्या. आजी जात्यावर दळताना ओव्या म्हणायची. २००८ साली तेव्हाच्या बाईंनी आमच्या घरी येऊन त्या वहीत उतरवून घेतल्या आणि शाळेच्या संगणकावर टाईप केल्या. एकंदर ३१ ओव्या. पुढे ती वही पावसात भिजून गेली. मागच्या दिवाळीत आजी वारली. आता ओव्या फक्त त्या फाईलमध्येच राहिल्या होत्या. म्हणून बाबा शाळेत आले.

गुरुजींनी फाईल पेनड्राइव्हवर घेतली आणि नव्या संगणकावर उघडली. बघतो तर काय! मराठीचे एक अक्षर नाही. सगळी इंग्रजी अक्षरे, मधेच कंस, मधेच कसल्या तरी खुणा. बाबांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "गेलं म्हणायचं सगळं."

गुरुजी म्हणाले, "भाऊ, काही गेलेलं नाही. तुमच्या ट्रंकेत मोडीतले कागद आहेत ना? कागद शाबूत, शाई शाबूत. वाचणारा नाही, एवढंच. इथंही तसंच झालंय."

मग त्यांनी फळ्यावर समजावून सांगितले. संगणक अक्षरे साठवत नाही, अक्षरांचे क्रमांक साठवतो. इंग्रजी मोठ्या ए चा क्रमांक ६५ आहे. पूर्वी मराठी फॉन्ट करणाऱ्यांनी एक युक्ती केली होती. इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर मराठी अक्षराचे चित्र बसवायचे! टाइपरायटरच्या मांडणीच्या एका जुन्या फॉन्टात लहान डी च्या जागी 'क', के च्या जागी काना आणि ई च्या जागी 'म' असतो. म्हणजे आपण 'काम' लिहिले तरी आत डी, के, ई हेच साठते. तो फॉन्ट असला की 'काम' दिसते, नसला की डी-के-ई दिसते. नव्या संगणकात तो फॉन्टच नव्हता.

आता युनिकोड आहे. त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली आली आणि तिच्यात देवनागरीही होती. युनिकोडमध्ये 'क' ला स्वतःचा क्रमांक आहे, २३२५. तो दुसऱ्या कोणत्याही अक्षराला दिलेला नाही.

मग आम्ही असे केले :

१) जुना संगणक चालू केला. विंडोजच्या फोल्डरमध्ये फॉन्ट्स नावाचे फोल्डर असते. त्यातला तो फॉन्ट घेऊन नव्या संगणकात बसवला. लगेच ओव्या दिसू लागल्या! बाबा उठून उभेच राहिले.

२) मूळ फाईलला हात लावला नाही. तिची नक्कल काढली आणि ती नक्कल युनिकोडमध्ये बदलली. असे बदलून देणारे प्रोग्राम मिळतात.

३) नक्कल मूळ फाईलशी ओळ न् ओळ ताडून पाहिली. कारण बदलताना रफार आणि ऱ्हस्व वेलांटी यांच्या जागा चुकू शकतात. एका ओवीत 'सजार्' असा शब्द आला. मी विचारले, "बाबा, सजार् म्हणजे काय?" बाबा हसले. म्हणाले, "अगं, हा आपला सर्जा! आजीचा बैल." त्यांचे डोळे मात्र भरून आले होते. आम्ही रफार जागेवर नेला.

४) नवी फाईल दोन ठिकाणी ठेवली. एक पीडीएफही केली, कारण तिच्यात फॉन्ट बरोबर ठेवता येतो. शेवटी कागदावर छापून घेतली.

एक गोष्ट मात्र जमली नाही. जुन्या संगणकावर पाढ्यांचा एक खेळ होता. तो १६ बिटांच्या जुन्या विंडोजसाठी केलेला होता. नवा संगणक ६४ बिटांच्या विंडोजचा आहे, त्यावर असे प्रोग्राम चालत नाहीत. म्हणून गुरुजींनी जुना संगणक ठेवून घेतला. त्याला इंटरनेट जोडायचे नाही, कारण त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या आता मिळत नाहीत. मधल्या सुट्टीत आम्ही त्यावर पाढे खेळतो.

यावरून मी एवढे शिकले की, नुसती फाईल जपून भागत नाही. ती वाचणारा फॉन्ट किंवा प्रोग्रामही जपावा लागतो, नाहीतर नवा संगणक घरात आल्याबरोबर, जुना चालू आहे तोवरच, ती फाईल बदलून घ्यावी लागते. जुना भंगारात गेल्यावर आमच्या ओव्या वाचायला फार कठीण गेले असते.

त्या रात्री आत्याने छापलेला कागद हातात घेतला आणि ओव्या चालीवर म्हणून दाखवल्या. चाल कोणत्याच फाईलमध्ये नव्हती. ती आता मी आत्याकडून शिकत आहे.

पालकांनो, तुमच्या घरीही जुना संगणक असेल तर तो देऊन टाकण्याआधी एकदा उघडून बघा.