पाठदुखी आणि रात्रीची झोंप

शरीराचा जो भाग आपणांस स्वतःच्या डोळ्यांनीं कधीं दिसत नाहीं, तो आपली पाठ होय. ती निमूटपणें ओझें वाहते तोंवर तिची आठवणही होत नाहीं. परंतु एकदां का ती दुखूं लागली, म्हणजे दिवसाचें काम आणि रात्रीची झोंप हीं दोन्हीं बिघडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२० सालीं जगांत सुमारें ६१ कोटी ९० लक्ष लोक कंबरदुखीनें पीडित होते. तेव्हां हा विषय आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरांतलाच आहे.

आरंभीं आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. आरोग्यशास्त्राच्या तासाला आम्हीं कित्येक वर्षें असें शिकविलें कीं, पाठ दुखत असल्यास उघड्या फळीवर निजावें आणि दुखणें थांबेपर्यंत हालूं नये. पुढें एकदां पुस्तकांची पेटी उचलतांना आमच्याच कमरेंत उसण भरली, आणि आमचाच उपदेश आम्हीं तंतोतंत पाळला. बारा दिवस फळीवर काढून उठलों, तों पाय लटपटत होते, कंबर पूर्वींहून ताठ झाली होती आणि झोंप तर पार उडाली होती. डॉक्टरांनीं सर्व ऐकून घेतलें व हसून म्हटलें, "मास्तर, हा धडा आतां बदला." जुना धडा आमच्या वर्गांतून कित्येक घरीं गेला असेल, म्हणून बदललेला धडा येथें देणें हें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

कण्याची रचना.— पाठीचा कणा ही सरळ काठी नव्हे. मानेचे ७, पाठीचे १२ व कमरेचे ५ असे २४ सुटे मणके एकावर एक रचलेले असून त्यांच्या खालीं त्रिकास्थि व माकडहाड आहे. बाजूनें पाहिल्यास मानेपाशीं व कमरेपाशीं कणा पुढें वांकलेला, तर छातीच्या मागें तो मागल्या बाजूस वांकलेला दिसतो. मणक्यामणक्यांमध्यें कूर्चेच्या लवचिक चकत्या असतात. दिवसा शरीराच्या भारानें त्यांतील पाणी थोडथोडें पिळून निघतें. रात्रीं आपण आडवे झालों म्हणजे भार उतरतो व चकत्या पुन्हां पाणी शोषून फुगतात. म्हणूनच मनुष्य रात्रीपेक्षां सकाळीं सुमारें एक ते दोन सेंटिमीटर उंच असतो. विद्यार्थ्यांनीं भिंतीशीं उभें राहून निजण्यापूर्वीं व उठतांच खूण करावी, आणि हें स्वतः पडताळून पाहावें. यावरून निजण्याचें तत्त्व ध्यानांत येईल. कण्याचे नैसर्गिक बांक मोडूं नयेत आणि त्यास सर्वत्र आधार मिळावा, हेंच तें तत्त्व.

निजण्याची रीत.— कुशीवर निजणाऱ्यानें गुडघे किंचित् दुमडावे व त्यांच्यामध्यें एक उशी ठेवावी. उशी नसल्यास घडी केलेली गोधडीही चालेल. असा आधार नसला तर वरचा पाय पुढें घसरतो व त्याच्याबरोबर कंबर रात्रभर पिळली जाते. डोक्याखालची उशी खांदा व मान यांतील पोकळी भरून निघेल इतकीच उंच असावी. उताणें निजणाऱ्यानें गुडघ्यांखालीं लोड किंवा गुंडाळलेलें घोंगडें घ्यावें; त्यायोगें कमरेवरील ताण कमी होतो. पालथें निजल्यानें कमरेचा बांक वाढतो आणि मान एकीकडे मुरडलेली राहते. ही सवय सुटतच नसेल तर पोटाखालीं एक पातळ उशी घ्यावी. सर्वांस एकच रीत मानवते असें नाहीं. जिच्यांत दुखणें कमी होतें ती आपली.

अंथरूण.— फळी बरी कीं मऊ गादी बरी? स्पेनमध्यें पाठ दीर्घकाळ दुखत असलेल्या ३१३ जणांवर तीन महिने याची परीक्षा करण्यांत आली. २००३ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत तिचा निकाल प्रसिद्ध झाला. कठीण गादीपेक्षां मध्यम कठीण गादीवर निजणाऱ्यांस अधिक आराम पडला, असें त्यांत दिसून आलें. यासाठीं नवी गादी विकत घेतलीच पाहिजे असें नाहीं. जमिनीवर निजणाऱ्यानें सतरंजीवर दोन गोधड्या अधिक घालाव्या. बाज झोळीसारखी खोल गेली असेल तर तिची दोरी ताणून घ्यावी. कापसाच्या गादीचे गोळे झाले असतील तर ती पिंजून घ्यावी.

उठण्याची रीत.— अंथरुणांत एकदम उठून बसल्यानें कमरेस हिसका बसतो. आधीं गुडघे दुमडून सबंध अंग एकाच वेळीं कुशीवर वळवावें, पाय खाटेवरून खालीं सोडावे आणि हातांनीं रेटा देऊन उठावें. जमिनीवर निजणाऱ्यानें कुशीवरून हातगुडघ्यांवर यावें व मग भिंतीच्या आधारानें उभें राहावें.

दिवसाची वागणूक.— दिवसभर निजून राहिल्यानें पाठ बरी होते, ही समजूत खोटी ठरली आहे. १९८६ सालीं अमेरिकेंत असें दिसून आलें कीं, सात दिवस निजून राहण्यास सांगितलेल्या रोग्यांपेक्षां दोनच दिवस सांगितलेल्यांचा कामाचा खाडा कमी झाला, आणि बरें होण्यांत कांहीं उणें पडलें नाहीं. १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या हेलसिंकी येथील पाहणींत, झेपेल तितकें नित्याचें काम चालू ठेवणारेच लवकर सुधारले. तेव्हां दिवसा बेतानें हिंडावें फिरावें, आणि रात्रीं निजावें.

मात्र पायांतील शक्ति जाणें, बसण्याच्या जागीं बधिरता येणें, लघवी अडणें अथवा नकळत होणें, यांपैकीं कांहींही दिसतांच उशा बदलीत न बसतां तत्काळ रुग्णालय गांठावें. तसेंच संध्याकाळीं ताप येत असेल, वजन घटत असेल व रात्रीं कोणत्याही कुशीवर आराम पडत नसेल, तर डॉक्टरांकडून तपासून घ्यावें. कण्याचा क्षय अशाच रीतीनें आरंभ करूं शकतो. तो औषधांनीं बरा होतो, पण उशीर केल्यास पाय लुळे पडण्याची भीति असते.

विद्यार्थ्यांस एक गृहपाठ देऊन आम्ही हा लेख संपवितों. घरांत सर्वांच्या मागून निजणारें व सर्वांच्या आधीं उठणारें माणूस कोण, हें पाहा. बहुधा ती तुमची आई किंवा आजी असेल. पाठ दुखते का, असें विचारल्यास ती नाहीं म्हणेल. तरी उठतांना तिचा हात कमरेवर जातो कीं काय, याकडे लक्ष द्या. जात असेल तर आज रात्रीं गुडघ्यांमध्यें ठेवावयास आपली एक उशी तिला द्या, आणि उद्यां पहाटेचें पाणी तुम्हीं भरा.