हौद्यातली खाट, चासीतली चीर

मालवाहू टेम्पोचा कॅम्पर करण्याच्या कामाला तीन अंगे असतात: कागद, चासी आणि हौदा. काम याच क्रमाने व्हायला हवे. प्रत्यक्षात आधी खाट बसते, मग चासीकडे लक्ष जाते आणि आरटीओची आठवण शेवटी होते. प्रस्तुत लेखकाचा जुना टाटा ४०७ याच उलट्या वाटेने गेला. पुढचे बरेचसे त्याच्याच खर्चाने शिकलेले आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला आपल्या मर्जीने करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावले. त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. निवासी वाहनांसाठी ‘एआयएस-१२४’ हे स्वतंत्र मानक आहे आणि त्याची चाचणी पुण्यातील एआरएआयसारख्या संस्थेत होते. हौसेने एकच गाडी करणाऱ्याला ती वाट परवडत नाही. राज्याचे २०२१ चे कॅराव्हॅन पर्यटन धोरणही नोंदणीकृत कॅराव्हॅनसाठी आहे, गाळ्यात वेल्डिंग केलेल्या टेम्पोसाठी नव्हे.

म्हणून एमएच-४२ पासिंगच्या गाडीची पहिली फेरी बारामतीच्या आरटीओ कार्यालयात व्हावी, फॅब्रिकेशनच्या गाळ्यावर नंतर. ‘पासिंगचं बघून घेऊ, आधी काम उरकून घ्या’ हे वाक्य गाळ्यावर फार सहज ऐकू येते. या वाक्यावर विसंबून हौद्यावर पत्र्याची खोली चढली, तिला दोन खिडक्या कापल्या, खाट पक्की केली. आठ वर्षांवरच्या मालवाहू वाहनाला दरवर्षी फिटनेस लागते. त्या वेळी हे सगळे उतरवावे लागले. खिडक्यांची काच अजून माळ्यावर आहे.

यातून निघालेला व्यवहार्य मार्ग सुट्या सोयीचा. खाट, ओटा, पेटी आणि ताडपत्रीचा सांगाडा सामान म्हणून चढवायचा, पट्ट्यांनी आवळायचा आणि घरी आल्यावर उतरवायचा. गाडीला भोक नाही, वेल्डिंग नाही. चालत्या गाडीत माणसे फक्त केबिनमध्ये, तीही आरसीवर आहेत तेवढीच. हौद्यात बसवलेल्या पाहुण्याला अपघातात विम्याचा आधार मिळेल, असे धरून चालू नये.

चासी तपासताना ताजा काळा रंग दिसला की संशय घ्यावा. खत किंवा ओली मळी वाहिलेला टेम्पो बाहेरून धडधाकट दिसतो, पण आडव्या पट्ट्यांच्या सांध्यात ओल साठून लोखंड पापुद्र्यांनी सुटते. हातोडीचा आवाज खणखणीत यायला हवा. ‘भद्द’ आला तर तिथे खरवडून पाहावे. उपरोक्त टेम्पोत मागच्या कमानपाट्यांच्या हँगरजवळ स्क्रू ड्रायव्हरचे टोक दोन ठिकाणी आरपार गेले, आणि रंगाखाली बोटभर चीर निघाली. तोवर प्लाय, फोम आणि सुताराची मजुरी खर्ची पडली होती. चासीला जिथे-तिथे वेल्डिंग करून ठिगळ लावणे धोक्याचे. शेजारी नवी चीर उमलते.

यानंतर वजन. १८ मिलिमीटर जाडीचा आठ बाय चारचा प्लाय तीस किलोंच्या आसपास भरतो. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो. टाकी मागच्या धुरीच्याही मागे ठेवली तर पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकेनासे होते. ती दोन धुरींच्या मधे, खाली हवी. उसाच्या पट्ट्यात वजनकाट्यांना तोटा नाही. भरलेली गाडी आधी फक्त पुढच्या चाकांवर, मग पूर्ण तोलून आकडे आरसीशी ताडावेत. बॅटरी वेगळी असावी, फ्यूज तिच्या अगदी जवळ. नाहीतर पंखा रात्रभर फिरतो आणि सकाळी स्टार्टर गप्प. शेगडी बाहेर पेटवावी. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने हौद्याच्या तळाशी साचतो, आणि बंद हौद्यात कोळशाची शेगडी ठेवणे म्हणजे वास नसलेल्या कार्बन मोनॉक्साइडला बोलावणे.

मुक्कामाला इंदापूर तालुक्यात उजनीचा जलाशय आहे. भिगवण-कुंभारगावच्या बाजूला रोहित पक्षी पाहायला हिवाळ्यात-उन्हाळ्यात गर्दी होते. बारामतीकडे सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य आहे, पण तिथे परवानगीशिवाय रात्र काढायची नाही. उजनीचे पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन वरून भेगाळलेली, कोरडी दिसते. आत लोणी असते. टेम्पो मुरमाच्या रस्त्यावरच, तोंड बाहेर करून लावावा. काठापासून पन्नास पावलांवर या टेम्पोची मागची जोडचाके धुरीपर्यंत रुतली. ओढायला ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाला, कारण ऊसतोड चालू होती आणि गावातले सगळे ट्रॅक्टर कारखान्याच्या रांगेत उभे होते.